पाण्यातील अनोळखी पाहुणे : आधी ओळख, मग उपाय

पवना धरण १९७२ साली पूर्ण झाले. तेव्हापासून तिकोणा पेठ व धरणाच्या काठची इतर गावे यांच्या जीवनात साठलेल्या पाण्याला मोठे स्थान मिळाले आहे. वितंडगडाच्या पायथ्याशी भाताची खाचरे, पलीकडे जलाशय, मध्ये ओढे आणि अलीकडे ठिकठिकाणी झालेली शेततळी असे या भागाचे स्वरूप आहे. शेततळ्यात कटला, रोहू व मृगळ यांचे बीज सोडण्याकडे शेतकऱ्यांचा कल वाढत आहे. घरोघरी काचेच्या पेटीत शोभेचे मासे पाळण्याची आवडही शहरांतून खेड्यांत आली आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत माशांच्या संगोपनाचाही समावेश असल्याने हा एक जोडधंदा होऊ शकतो.

परंतु मत्स्यबीजाच्या पिशवीतून केवळ मासेच येतात असे नाही, आणि पाणवनस्पतीच्या जुडीतून केवळ वनस्पतीच येते असेही नाही. त्यांच्यासोबत न बोलावलेले पाहुणे येतात. पानाच्या मागच्या बाजूस चिकटलेला पारदर्शक थेंब, मुळात दडलेला किडा, माशाच्या अंगावर बसलेली बारीक चकती, काचेवर लोंबणारा केसाएवढा धागा अशा रूपाने ते शिरतात, आणि आठ-पंधरा दिवसांनी त्यांची संख्या वाढली म्हणजे मालकाच्या नजरेस पडतात. मग 'हे काय आहे?' या प्रश्नाऐवजी 'यावर कोणते औषध टाकू?' हा प्रश्न प्रथम विचारला जातो. हा क्रम उलटा आहे, आणि त्यामुळे नुकसान कसे होते व ते कसे टाळावे हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

ओळख न पटवता उपाय केल्यास

तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले उदाहरण जलव्यालाचे, म्हणजे हायड्राचे. हा अर्धा ते एक सेंटिमीटर लांबीचा, मऊ नळीसारखा जीव काचेला किंवा पानाला बुडाशी चिकटून बसतो. त्याच्या वरच्या टोकास पाच-सहा बारीक तंतू असतात. या तंतूंना विषारी डंख असतात व त्यांच्या साहाय्याने तो अगदी लहान माशांची पिले पकडतो. त्यास पाहून कोणी चिमट्याने खुडू लागला, तर त्याचे तुकडे होतात आणि एकेका तुकड्यापासून नवा जलव्याल तयार होतो. ज्यास आपण नाश समजतो ती प्रत्यक्षात लागवड ठरते.

दुसरे उदाहरण मत्स्यबीज सोडण्याच्या तळ्यातील किड्यांचे. पाठीवर पोहणारे किडे, पाणविंचू, पाणभुंगे व त्यांच्या अळ्या हे लहान बीजाचे मोठे शत्रू होत. त्यांच्यावर साबण व तेल यांचे मिश्रण हा जुना व खात्रीचा उपाय आहे. पाण्यावर तेलाचा पातळ थर पसरला की हवा घेण्यासाठी वर येणारा किडा गुदमरतो. परंतु तळ्यात चतुराची पिले असतील, तर हा सर्व खर्च वाया जातो. चतुराचे पिलू पाण्यातच श्वास घेते. त्यास वर येण्याची गरज नसल्याने तेलाचा थर त्याचे काही बिघडवीत नाही. त्यानंतर सोडलेले बीज ते निर्वेधपणे खात राहते.

तिसरे उदाहरण ब्रायोझोआ या वर्गातील एका जीवाचे. पाण्यातील काडीवर किंवा दगडावर हे असंख्य सूक्ष्म जीव एकत्र राहून मऊ, गिळगिळीत गोळा तयार करतात. अशा गोळ्यात एरवी माशांना त्रास देण्यासारखे काही नसते. परंतु त्यातील लोफोपोडेला कार्टेरी या जातीचा गोळा पाण्यातच चिरडला गेला, तर त्यातून सुटणारा द्रव माशांना मारक ठरतो, असे आढळून आले आहे. येथे घाईने केलेली सफाईच मासे मारते.

तिन्ही ठिकाणी चूक सारखीच आहे. जीव दिसला, पण त्याची राहणी पाहिली नाही. तो कसा श्वास घेतो, कसा वाढतो व काय खातो हे कळले असते, तर उपायही आपोआप सुचला असता.

ओळखीने काय साधते, याचे काही दाखले

पाणवनस्पतींबरोबर आलेल्या अनोळखी जीवाची ओळख पटविण्याचा प्रयत्न नवा नाही. १७४० साली हॉलंडमध्ये अब्राहम ट्रेम्बले या शिक्षकास, डबक्यातून आणून काचेच्या भांड्यात ठेवलेल्या वनस्पतींवर असाच एक हिरवा जीव दिसला. तो वनस्पती की प्राणी हे ठरविण्यासाठी त्याने त्याचे तुकडे केले, आणि प्रत्येक तुकडा पूर्ण होताना पाहून तो चकित झाला. वर सांगितलेला जलव्याल तो हाच.

१८८० साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधील वनस्पती-उद्यानात, मोठ्या पाणकमळासाठी बांधलेल्या कोमट पाण्याच्या कुंडात एकाएकी नाण्याएवढ्या पारदर्शक छत्र्या तरंगू लागल्या. जेलीफिश हा समुद्रातील जीव, अशी सर्वांची समजूत होती. गोड्या पाण्यात तो कोठून आला, हे कोडे पडले. पुढे काही वर्षांनी त्याच कुंडातील वनस्पतींच्या मुळांवर त्याचे दुसरे रूप सापडले. ते अगदी लहान, चिकटून बसणारे व सहज न दिसणारे होते. वनस्पतींबरोबर प्रवास केला तो या चिकट्या रूपाने. मूळचा चीनमधील हा जीव आज जगाच्या अनेक भागांत पसरला आहे.

आपल्या सह्याद्रीतील दाखला तर अभिमानाचा आहे. मालवण येथे १८८४ साली जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना १९११-१२ च्या सुमारास सातारा जिल्ह्यातील डोंगरी नद्यांत गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळला. त्या गणातील जीव तोवर आफ्रिकेतच असल्याचे ठाऊक होते. कलकत्त्याच्या संग्रहालयातील प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल यांनी त्याचे वर्णन करून त्यास लिम्नोक्निडा इंडिका असे नाव दिले. म्हणजे हा जीव पाहुणा नव्हता, आपल्या घरचाच होता. फक्त त्याकडे कोणी लक्षपूर्वक पाहिले नव्हते. अनोळखी दिसणारा प्रत्येक जीव परका व घातक नसतो, हे यावरून ध्यानी यावे. आघारकरांच्या नावाने पुण्यात आज संशोधन संस्था आहे.

चौथा दाखला आरोग्याचा. १९५२ साली रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावात लघवीवाटे रक्त जाण्याच्या रोगाचा छडा डॉक्टर गाडगीळ व शाह यांनी लावला. रोगाचे कारण रक्तात राहणारे कृमी होते. या कृमींना माणसात शिरण्यापूर्वी पाण्यातील एखाद्या गोगलगाईच्या शरीरात काही काळ काढावा लागतो. शोध घेता फेरिसिया टेनुइस नावाची, काही मिलिमीटर लांबीची, उलट्या टोपीसारखी गोगलगाय त्याची वाहक ठरविण्यात आली. पानावर बसलेला हा ठिपका कोणाच्याही नजरेतून सुटावा असा आहे. तथापि वाहक कोण हे कळल्यावाचून अशा रोगाची साखळी तोडता येत नाही.

पाहुणा ओळखण्याची रीत

यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. एक पांढरी खोलगट बशी, एक भिंग, एक मऊ कुंचला, झाकणाची काचेची बाटली व छायाचित्र घेता येईल असा मोबाईल एवढे साहित्य पुरे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे साहित्य आपल्या पिशवीत नेहमी बाळगावे.

जीवास त्याच तळ्याच्या किंवा पेटीच्या पाण्यात, बशीत ठेवावे. नळाचे पाणी वापरू नये, कारण त्याने तो आकसून जातो. पाच मिनिटे बशी हलवू नये. मग पुढील पाच प्रश्न क्रमाने विचारावेत.

पहिला, त्यास शंख आहे काय? दुसरा, त्यास पाय आहेत काय, व असल्यास किती? तिसरा, तो एका जागी चिकटलेला आहे की फिरतो? चौथा, तो श्वास घेण्यासाठी पाण्याच्या वर येतो काय? पाचवा, तो कोठे सापडला : पानावर, तळाशी, काचेवर की माशाच्या अंगावर? या पाच उत्तरांवरून बहुतेक पाहुणे आपापल्या गटात बसतात. छायाचित्र घेताना शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवावे, म्हणजे जीवाच्या आकाराची कल्पना येते.

शंख असलेले पाहुणे

गोगलगाय हातात घेऊन शंखाचे टोक वर व तोंड आपल्याकडे करावे. नंतर शंखाच्या तोंडावर झाकण आहे काय ते पाहावे.

झाकण असलेल्या गोगलगाई सामान्यतः निरुपद्रवी असतात. खाचरातील मोठी गोल गोगलगाय व तिच्याहून लहान, टोकदार शंखाची गोगलगाय या आपल्या जुन्या ओळखीच्या आहेत. शोभेच्या पेटीत स्क्रूसारखा लांबट शंख असलेली एक जात वाळूत शिरून राहते. तीही माशांना इजा करीत नाही.

झाकण नसेल व शंखाचे तोंड उजव्या हाताकडे असेल, तर ती लिम्निया कुळातील असण्याचा संभव आहे. हिची अंडी लांबट, पारदर्शक गिलाव्यात पानाला चिकटलेली दिसतात. या कुळातील गोगलगाई गाई-म्हशींच्या यकृतातील चपट्या कृमीच्या वाहक आहेत. कृमीची पिले गोगलगाईतून बाहेर पडून पाण्याकाठच्या गवतावर व भाताच्या बुडख्यावर चिकटतात आणि चाऱ्यातून जनावराच्या पोटात जातात. जनावर खंगणे, दूध आटणे, जबड्याखाली पाणी साचून सूज येणे ही त्याची लक्षणे होत.

तोंड डाव्या हाताकडे असेल, तर ती फायसा या जातीची असावी. ही उत्तर अमेरिकेकडची असून पाणवनस्पतींबरोबर जगभर पसरली आहे. सांडपाण्यातही ती झपाट्याने वाढते.

शंख जिलबीसारखा एकाच पातळीत गुंडाळलेला असेल, तर ती इंडोप्लॅनॉर्बिस होय. ही आपल्याकडचीच आहे, परंतु जनावरांच्या रक्तकृमींची वाहक आहे. त्यांपैकी एका जातीने गुरांच्या नाकात गाठी येतात व श्वास घेताना घोरल्यासारखा आवाज येतो. भातलावणी करणाऱ्यांच्या पायांना पाण्यात उतरल्यावर जी खाज सुटते, तिचेही एक कारण याच कृमींची पिले होत.

शंख उलट्या टोपीसारखा व अगदी लहान असेल, तर वर सांगितलेल्या गिमवीच्या गोगलगाईचा तो गट समजावा.

याशिवाय एका पाहुण्याबद्दल भातपट्ट्यातील शेतकऱ्यांनी विशेष सावध राहावे. पाण्याच्या वर, काडीवर किंवा काचेवर गुलाबी रंगाच्या अंड्यांचे घोस दिसल्यास ती दक्षिण अमेरिकेतील मोठी गोगलगाय असण्याचा संभव आहे. आपल्या मोठ्या गोगलगाईची अंडी पांढरी असतात व ती ओल्या मातीत घातली जातात. १९८० च्या सुमारास या परदेशी गोगलगाईची एक जात खाण्यासाठी म्हणून तैवानमध्ये नेण्यात आली. तेथून ती फिलिपाईन्स व आग्नेय आशियातील इतर देशांत पोहोचली आणि कोवळी भातरोपे कुरतडणारी मोठी कीड होऊन बसली. मावळच्या इंद्रायणी भाताच्या खाचरांत असा पाहुणा शिरू देणे परवडणारे नाही. असे घोस दिसताच खरवडून पाण्याबाहेर ठेचावेत व कृषी विभागास तत्काळ कळवावे.

पाय असलेले पाहुणे

सहा पायांचा जीव दिसल्यास चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. शेपटीकडे लांब नळी असणारा पाणविंचू, पाठीवर उलटा पोहणारा किडा, वाकड्या विळ्यासारख्या जबड्यांची पाणभुंग्याची अळी हे सर्व हवेसाठी वर येतात. यांच्यावर साबण-तेल चालते. हेक्टरी ५६ किलो खाद्यतेल व १८ किलो साबण हे प्रमाण मत्स्यसंगोपन तळ्यांसाठी शिफारस केलेले आहे. हिशोबाने दर गुंठ्यास सुमारे ५६० ग्रॅम तेल व १८० ग्रॅम साबण येतो. प्रथम साबण पाण्यात विरघळवून त्यात तेल मिसळावे आणि वारा नसताना हे मिश्रण पाण्यावर शिंपडावे. बीज सोडण्यापूर्वी १२ ते २४ तास हे काम करावे. हा उपाय बीज वाढविण्याच्या लहान तळ्यापुरताच आहे. जलाशयात, ओढ्यात किंवा पिण्याच्या पाण्यात तो कदापि करू नये.

चतुराचे पिलू आखूड व जाड, मोठ्या डोळ्यांचे असते. त्याचा खालचा जबडा हातासारखा पुढे झेपावतो. टाचणीचे पिलू बारीक असून त्याच्या शेपटीस तीन पाने असतात. यांच्यावर तेल व्यर्थ आहे. तळे भरल्यावर फार दिवस न घालवता बीज सोडणे, पाणी घेताना तोंडाशी बारीक जाळी लावणे व बारीक आसाचे जाळे दोन-तीन वेळा फिरवून पिले काढणे हाच मार्ग होय. मात्र काढलेली पिले मारू नयेत, ती भातखाचरात सोडावीत. तेथे ती डासांच्या अळ्या खातात, आणि मोठे झालेले चतुर भातावरील किडे टिपतात. एका ठिकाणचा शत्रू दुसऱ्या ठिकाणी मित्र ठरतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

पेटीत उड्या मारल्यासारखे हलणारे पांढरे ठिपके बहुधा पाणपिसवा असतात. लहान माशांचे ते उत्तम खाद्य आहे. तळाच्या चिखलातील तांबड्या अळ्याही तशाच. त्यांना पाहून औषध टाकणे म्हणजे आलेले खाद्य फेकून देणे होय.

माशाच्या अंगावरील पाहुणे

मासे वारंवार काठाला किंवा दगडाला अंग घासू लागले, उसळ्या मारू लागले, तर मासा हलकेच पकडून पाहावा. पाच ते दहा मिलिमीटरची, चपटी, पारदर्शक, अंगावर सरकणारी चकती दिसल्यास ती माशांची उ समजावी. ती माशाचे रक्त शोषते, परंतु अंडी माशावर घालीत नाही. पाण्यातील काठ्या, फळ्या व दगड अशा टणक वस्तूंवर ती रांगेने अंडी घालते. या सवयीचाच उपाय करता येतो. तळ्यात बांबूचे तुकडे किंवा फळ्या उभ्या कराव्यात. आठवड्यातून एकदा त्या बाहेर काढून कडक उन्हात वाळवाव्यात व पुन्हा ठेवाव्यात. औषधाविना बरीचशी पिढी नष्ट होते.

माशाच्या अंगातून बारीक धागा लोंबत असेल व त्याच्या टोकास दोन फाटे असतील, तर तो लंगरासारखे डोके मांसात रोवणारा परजीवी होय. ते दोन फाटे म्हणजे त्याच्या अंड्यांच्या पिशव्या. त्यास ओढून काढल्यास डोके आतच राहते व जखम चिघळते. असा मासा वेगळा ठेवून मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा.

चिकटून बसणारे पाहुणे

जलव्यालाचे वर्णन वर आले आहे. त्यास बोट लावताच तो आकसून गोळी होतो, ही त्याची खूण. पेटीत त्याची संख्या वाढली असल्यास मासे दुसऱ्या भांड्यात हलवून पेटी रिकामी करावी, वाळू व दगड कढत पाण्याने धुवावेत आणि सर्व काही उन्हात पूर्ण वाळवावे. मोठ्या माशांच्या तळ्यात त्याची चिंता करू नये.

काडीवर किंवा दगडावर हिरवट-करडा, खडबडीत, भोकाभोकांचा थर दिसल्यास तो गोड्या पाण्यातील स्पंज असतो. हेन्री कार्टर या शल्यवैद्याने १८४९ साली मुंबईच्या तलावांतील अशा स्पंजांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. स्पंज पाणी गाळून त्यातील सूक्ष्म कण खातो. त्यास तसाच राहू द्यावा. वर ज्या मारक गोळ्याचा उल्लेख केला, त्या जातीस याच कार्टरचे नाव मिळाले असून ती मुंबईच्या नमुन्यांवरून शास्त्रास ठाऊक झाली. पुढे ती उत्तर अमेरिकेतही सापडली. तिची कठीण कवचाची बीजे वाळलेल्या चिखलातही टिकतात. परदेशातून आपल्याकडे जीव येतात, तसे आपल्याकडूनही ते जातात. म्हणून गोळा काढायचाच असेल, तर काडीसह अलगद पाण्याबाहेर आणावा व उन्हात वाळवून जाळावा. पाण्यात चिरडू नये.

समुद्री पेटी व प्रवाळ

शहरांत काही हौशी मंडळी खाऱ्या पाण्याची पेटी ठेवतात. तेथेही प्रश्न असाच आहे. प्रवाळ व समुद्री दगड यांच्या भेगांतून केसाळ कृमी, खेकडे, झिंग्यांचे शिकारी भाईबंद आणि एप्टेशिया नावाचे लहान समुद्रफूल प्रवेश करतात. एप्टेशिया तर जलव्यालाचे नातलगच. दगडावर मागे राहिलेल्या त्याच्या लहानशा तुकड्यापासूनही नवा जीव उभा राहतो. उलट, पुष्कळसे केसाळ कृमी कुजके अन्न खाऊन पेटी स्वच्छच ठेवतात.

येथे शेतकरी बंधूंना एक सूचना करावीशी वाटते. मालवण-तारकर्लीच्या सहलीहून परतताना आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा आणण्याचा मोह होतो. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले आहे, आणि टणक प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. समुद्रातून प्रवाळ काढणे वा जवळ बाळगणे हा गुन्हा ठरतो. शोभेसाठी मावळच्या ओढ्यातील काळा दगड पुरेसा आहे.

पाहुणा घरात घेण्यापूर्वी

सर्वांत स्वस्त उपाय हा की पाहुण्यास दारातच थांबवावे. नवीन आणलेली वनस्पती किंवा शोभेचे मासे सरळ पेटीत सोडू नयेत. तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावेत. या मुदतीत बहुतेक गोगलगाईंची व माशांच्या उवांची अंडी फुटून पिले दिसू लागतात. वनस्पतीची पाने दोन्ही बाजूंनी उजेडासमोर धरून पाहावीत व चिकट गिलावा दिसल्यास ते पानच तोडून उन्हात टाकावे.

मत्स्यबीज आणल्यावर पिशवीतील पाणी तळ्यात ओतू नये. पिशवी काही वेळ तळ्यात तरंगत ठेवून आतले व बाहेरचे पाणी सारखे होऊ द्यावे. मग बीज बारीक जाळीत घेऊन सोडावे व पिशवीतील पाणी दूर जमिनीवर टाकावे. बोटुकली आकाराचे बीज असल्यास ते दर लिटरला २० ते ३० ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात एक-दोन मिनिटे बुडवून मग सोडावे. मासे अस्वस्थ होताच लगेच बाहेर काढावेत. एका तळ्यातील जाळे दुसऱ्या तळ्यात नेण्यापूर्वी उन्हात खडखडीत वाळवावे.

जनावरांच्या बाबतीत, जलाशयाचे पाणी ओसरत असता उघड्या पडणाऱ्या ओल्या काठावर गुरे चरावयास सोडू नयेत. तेथील गवत पाण्याच्या वरून कापून, चांगले वाळवून घालावे. बदके पाळल्यास ती गोगलगाई आवडीने खातात. गुरांना जंताचे औषध पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने द्यावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पेटीचा कंटाळा आला म्हणून त्यातील मासे, गोगलगाई वा वनस्पती पवनेच्या पाण्यात कोणीही सोडू नयेत. काच चाटणारा खवलेदार सकर मासा अशाच 'दये'मुळे देशातील अनेक नद्या-तलावांत पसरला आहे. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात व त्याच्या बिळांनी काठ ढासळतात. पवनेचे पाणी पुढे पिंपरी-चिंचवडच्या लाखो घरांत जाते. जलाशयात एकदा स्थिरावलेला पाहुणा परत पाठविण्याचा उपाय अद्याप कोणाच्याही हाती नाही.

नमुना कोठे दाखवावा

पाच प्रश्न विचारूनही ओळख पटली नाही, तर जीवाचा नमुना त्याच पाण्यासह बाटलीत घालून, त्यावर गाव, जागा, तारीख व कशावर सापडला ही माहिती लिहून, आपल्या कृषी कार्यालयात किंवा मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात द्यावा. जनावरांच्या रोगाचा संशय असल्यास पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. मावळच्या लोकांची विशेष सोय अशी की, भारतीय प्राणि सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र जवळच आकुर्डी येथे आहे. १९१६ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले संचालक आघारकरांच्या जेलीफिशला नाव देणारे ॲनंडेल हेच होते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या पावसाळ्यात, मत्स्यबीज येण्याच्या सुमारास, प्रत्येक गावी एक बशी व एक भिंग घेऊन शेततळ्याच्या काठी शेतकऱ्यांना व शाळेतील मुलांना हे जीव प्रत्यक्ष दाखवावेत. उजव्या व डाव्या तोंडाची गोगलगाय एकदा हातात घेऊन पाहिलेला मुलगा ती सहसा विसरत नाही. औषधाच्या बाटलीस पैसे पडतात. पाच मिनिटे बशीत पाहण्यास काहीही पडत नाही. त्या पाच मिनिटांत पुष्कळ वेळा असे दिसून येईल की औषधाची गरजच नव्हती, आणि जेथे ती आहे तेथे कोणते औषध हेही कळून येईल.